फिलाडेल्फियाचा लाल विटांचा चौक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा राज्यकारभार पाहण्यासाठी प्रवासी सहसा वॉशिंग्टन शहरी जातात. तेथील पांढरा घुमट आणि संगमरवरी स्तंभ पाहून डोळे दिपतात. परंतु ज्याला वृक्षाच्या फांद्यांपेक्षा त्याची मुळे पाहण्याची आवड आहे, त्याने फिलाडेल्फियाची वाट धरावी. ‘बंधुप्रेम’ असा या ग्रीक नावाचा अर्थ. त्या नावाची कसोटी ज्या रस्त्यांवर लागली, ते रस्ते पायी हिंडण्याजोगे जवळजवळ आहेत. आम्ही ते एका दिवसात हिंडलो. त्या फेरीत जे पाहिले आणि जे मनात आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

चेस्टनट रस्त्यावर, पाचव्या व सहाव्या रस्त्यांच्या मध्ये, लाल विटांची एक जुनी इमारत आहे. तिच्यावर पांढरा लाकडी मनोरा आहे. पूर्वी हे पेनसिल्व्हेनिया प्रांताचे सभागृह होते; आज त्यास ‘इंडिपेंडन्स हॉल’ म्हणतात. तळमजल्यावरील सभेची खोली पाहून आम्हांस नवल वाटले, ते तिच्या साधेपणाचे. हिरव्या कापडाने झाकलेली टेबले, लाकडी खुर्च्या, उंच खिडक्या आणि समोर अध्यक्षांचे आसन. इतकेच. याच खोलीत १७७६ च्या जुलै महिन्यात स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला आणि याच खोलीत १७ सप्टेंबर १७८७ रोजी राज्यघटनेवर सह्या झाल्या.

स्वातंत्र्य मिळाल्यावर त्या तेरा राज्यांचे घर नीट लागले नव्हते. मध्यवर्ती सत्तेला कर बसविण्याचा अधिकार नव्हता, युद्धाचे कर्ज डोक्यावर होते आणि प्रत्येक राज्य आपापल्या दिशेने ओढत होते. तेव्हा १७८७ च्या मे महिन्यात प्रतिनिधी येथे जमू लागले. बारा राज्यांतून एकंदर ५५ जण आले. ऱ्होड आयलंडने कोणासच पाठविले नाही. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्षस्थानी होते. बाहेर शब्द फुटू नये म्हणून भर उन्हाळ्यात दारेखिडक्या बंद ठेवून चर्चा चालली. मोठी राज्ये म्हणत, लोकसंख्येच्या मानाने प्रतिनिधी असावेत. लहान राज्ये म्हणत, सर्वांना सारखे. सभा मोडण्याची वेळ आली. अखेर जुलैत तोड निघाली: एका गृहात लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी आणि दुसऱ्या गृहात, म्हणजे सेनेटमध्ये, लहानमोठ्या प्रत्येक राज्याचे दोन.

वॉशिंग्टन ज्या खुर्चीवर बसत, तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. सह्या होत असताना ८१ वर्षांचे वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन जवळच्यांना म्हणाले की, हा सूर्य उगवता की मावळता, हे इतके दिवस आपणांस कळत नव्हते. आता तो उगवताच आहे अशी खात्री पटली. सह्या मात्र ३९ जणांनीच केल्या. उपस्थितांपैकी तिघांनी शेवटपर्यंत सही नाकारली. त्यांतील व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांचा एक आक्षेप असा की, या घटनेत नागरिकांच्या हक्कांची सनदच नाही. त्यांचा आक्षेप वाया गेला नाही. हक्कांच्या पहिल्या दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी मंजूर झाल्या.

या इमारतीच्या दोन्ही अंगांस तशाच विटांच्या दोन लहान इमारती आहेत. फिलाडेल्फिया १७९० पासून १८०० पर्यंत देशाची राजधानी होती. तेव्हा सहाव्या रस्त्याकडील इमारतीत काँग्रेस भरे: खाली प्रतिनिधिगृह, वर सेनेट. पाचव्या रस्त्याकडील इमारतीत १७९१ पासून सर्वोच्च न्यायालय बसे. आणि राष्ट्राध्यक्ष राहत ते घर तेथून थोड्याच अंतरावर मार्केट रस्त्यावर होते. कायदा करणारे एका घरात, कायदा अमलात आणणारा दुसऱ्या घरात आणि कायद्याचा अर्थ लावणारे तिसऱ्या घरात! सत्तेची विभागणी हे जे तत्त्व मुलांस पाठ करावे लागते, ते येथे विटाचुन्यात उभे आहे.

गावच्या समाईक पेटीला तीन कुलुपे लावून तीन किल्ल्या तिघांकडे ठेवण्याची जुनी रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील मर्म सांगावे लागणार नाही. तिघेही चोर आहेत असे गाव मानीत नाही. परंतु एकट्याच्या हाती पेटी देणे, हे त्या माणसाच्याही हिताचे नाही, हे गाव जाणतो. अमेरिकेत काँग्रेसने केलेल्या कायद्यास राष्ट्राध्यक्ष संमती नाकारू शकतो. दोन्ही गृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला, तर राष्ट्राध्यक्षाचा नकार उरत नाही. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो, पण सेनेटच्या संमतीवाचून नाही; आणि एकदा नेमलेल्या न्यायाधीशास तो मर्जीनुसार काढू शकत नाही.

तेथून आम्ही चौथ्या रस्त्याजवळच्या एका अरुंद बोळात शिरलो. नाव विलिंग्ज ॲली. लोखंडी फाटकातून आत गेले की फरसबंद अंगण आणि त्यापलीकडे संत योसेफाचे मंदिर लागते. आजची वास्तू १८३९ ची असली, तरी येथील कॅथोलिक धर्मग्राम १७३३ चा आहे. त्या काळी इंग्रजी अमलाखालील बहुतेक ठिकाणी उघडपणे मिस्सा अर्पण करणे हा गुन्हा होता. येथे फादर जोसेफ ग्रेटन या येशूसंघीय धर्मगुरूंनी छोटे प्रार्थनालय उभारले, तेव्हा १७३४ साली गव्हर्नरांच्या मंडळात तक्रार निघाली. परंतु वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांनी १७०१ च्या सनदेत एका ईश्वरास मानणाऱ्यांना उपासनेची मोकळीक दिली होती. पेन स्वतः क्वेकर पंथाचे. धर्मापायी त्यांनी इंग्लंडात तुरुंग पाहिला होता. त्यांच्या सनदेच्या आधाराने येथील मिस्सा चालू राहिली.

तरी ही मोकळीक देणाऱ्याच्या भलेपणावर टिकून होती. १७८७ च्या घटनेने पुढचे पाऊल टाकले. मध्यवर्ती सरकारच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही, असे तिच्या सहाव्या कलमात लिहिले गेले. त्या वेळी कित्येक राज्यांत कॅथोलिक मनुष्यास अधिकारपद मिळत नसे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या ओळीचे वजन कळते. सह्या करणाऱ्या ३९ जणांत दोघे कॅथोलिक होते. पेनसिल्व्हेनियाचे टॉमस फिट्झसायमन्स जन्माने आयरिश होते. त्यांची कबर जवळच्याच संत मरियेच्या मंदिराच्या आवारात आहे. दुसरे मेरीलँडचे डॅनियल कॅरल; त्यांचे बंधू जॉन पुढे अमेरिकेचे पहिले बिशप झाले. नंतरच्या पहिल्या दुरुस्तीने काँग्रेसला बजावले की, राष्ट्राचा म्हणून कोणताही धर्म स्थापू नये आणि कोणाच्या धर्माचरणास अटकाव करू नये. भाषण, मुद्रण, शांततेने जमणे आणि सरकारकडे दाद मागणे, हे हक्कही त्याच दुरुस्तीत आहेत. सालाझारच्या राजवटीत छापण्याचा मजकूर आधी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे, हे ज्या गोमंतकीय कुटुंबांच्या स्मरणात आहे, त्यांना या हक्कांची किंमत वेगळी समजावून द्यावयास नको.

येथवर सारे गोड वाटते. परंतु चौथ्या रस्त्यानेच उत्तरेकडे चालत गेलो, तेव्हा संत ऑगस्टीनचे मंदिर लागले आणि कथेची दुसरी बाजू दिसली. सरकारी शाळांत प्रॉटेस्टंटांचे बायबल वाचले जाई. कॅथोलिक मुलांना त्यांचे स्वतःचे बायबल वाचू द्यावे, अशी विनंती बिशप केनरिक यांनी केली होती. त्यावरून आणि आयरिश निर्वासितांविषयीच्या द्वेषावरून १८४४ साली शहरात दंगली उसळल्या. अनेक माणसे प्राणास मुकली. ८ मे रोजी जमावाने संत मायकलचे आणि संत ऑगस्टीनचे अशी दोन मंदिरे जाळली. ज्या सभागृहात हक्कांचा उदय झाला, ते येथून हाकेच्या अंतरावर!

हक्कांची सनद त्या काळी केवळ मध्यवर्ती सरकारलाच बांधीत असे. राज्यांनाही ती लागू होऊ लागली ती १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे आणि तीही न्यायालयांच्या निकालांनी हळूहळू. आणि कोणतीही सनद आपणहून उठून जमावाला अडवीत नाही. तेव्हा ऑगस्टीनसंघीय धर्मगुरूंनी काय केले? शहराने आपल्या मंदिराचे रक्षण केले नाही, म्हणून त्यांनी शहरावरच न्यायालयात दावा लावला, भरपाई मिळविली आणि काही वर्षांतच त्याच जागी नवे मंदिर उभारले. आगीला आगीने उत्तर न देता त्यांनी कायद्याने उत्तर दिले.

चेस्टनट रस्त्यापलीकडे काचेच्या दालनात सुप्रसिद्ध घंटा आहे. पेन यांच्या सनदेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा १७५१ साली ती लंडनहून मागविली गेली. चाचणीतच ती तडकली, म्हणून येथील दोघा कारागिरांनी ती पुन्हा ओतली. वजन सुमारे ९४० किलो. आज दिसणाऱ्या मोठ्या तड्यामुळे १८४६ नंतर ती वाजलेली नाही. तिच्यावर लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातील वचन आहे: योबेल वर्षी देशातील सर्व रहिवाशांस मुक्ती जाहीर करण्याची ती आज्ञा. तिला ‘स्वातंत्र्याची घंटा’ हे नाव देऊन घरोघर पोहोचविले ते गुलामगिरीच्या विरोधकांनी. ‘सर्व रहिवाशांस’ या शब्दांचा अर्थ त्यांनी शब्दशः घेतला.

कारण सर्व रहिवासी मुक्त नव्हतेच. ‘आम्ही लोक’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या त्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांची गणती तीन-पंचमांश धरली होती. घंटेच्या दालनाजवळच राष्ट्राध्यक्षांचे घर होते. तेथे वॉशिंग्टन यांनी नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे, बाहेरून आलेल्या माणसाच्या गुलामास सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर मुक्ती मागता येई. म्हणून त्यांना मधूनमधून राज्याबाहेर नेण्यात येई. त्यांतील ओनी जज ही तरुणी १७९६ च्या मे महिन्यात, घरची मंडळी जेवत असताना, दाराबाहेर पडली ती परतली नाही. न्यू हॅम्पशरमध्ये ती १८४८ पर्यंत जगली. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती अखेरपर्यंत मुक्त झाली नाही.

१७९९ च्या अखेरीस या शहरातील मुक्त काळ्या नागरिकांनी धर्मगुरू ॲबसलम जोन्स यांच्यासह काँग्रेसकडे अर्ज केला. आपल्या बांधवांची छळणूक थांबावी आणि पुढे-मागे त्यांना मुक्ती मिळावी, ही मागणी. दाद मागण्याचा हक्क घटनेनेच दिला होता. प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध १ मतांनी ती दाद मनावर न घेण्याचे ठरविले. गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी दुरुस्ती आली १८६५ साली, फार मोठ्या रक्तपातानंतर.

अशीच वाट स्त्रियांनाही पाहावी लागली. ४ जुलै १८७६ रोजी इंडिपेंडन्स हॉलपाशी शताब्दीचा सोहळा चालू असता सुसान अँथनी आणि त्यांच्या मैत्रिणींना व्यासपीठावर बोलू दिले नाही. त्यांनी पुढे होऊन स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा अध्यक्षांच्या हाती दिला आणि बाहेर येऊन तो जमलेल्या लोकांस वाचून दाखविला. त्या १९०६ साली वारल्या. स्त्रियांच्या मताधिकाराची एकोणिसावी दुरुस्ती १९२० साली मंजूर झाली.

वाचकहो, या साऱ्या फेरीत आम्हांस एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. घटना लिहिणाऱ्यांनी आपले काम अपुरे ठेवले. पण ते पुरे करण्याची वाट त्यांनी त्याच कागदात ठेवली होती. दोन्ही गृहांचे दोन-तृतीयांश आणि राज्यांचे तीन-चतुर्थांश अनुकूल झाले, म्हणजे घटना बदलता येते. आजवर २७ वेळा ती बदलली आहे. मात्र वाट असणे वेगळे आणि त्या वाटेने चालणारी माणसे असणे वेगळे. जळालेल्या मंदिराचे धर्मगुरू, अर्ज लिहिणारे काळे नागरिक आणि व्यासपीठाकडे चालत गेलेल्या स्त्रिया, यांनी ती वाट तुडविली म्हणून ती मोकळी राहिली.

आपल्या भारताची घटनाही ‘आम्ही, भारताचे लोक’ असेच म्हणते. तिचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. आणि आपल्या देशाचा अनुभव तर त्यांच्यापाशी होताच. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या त्या घटनेत धर्मस्वातंत्र्य आहे, समता आहे आणि हक्क हिरावला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचा मार्गही आहे. शेताचा बांध वडिलांनी घातला म्हणून मुलाला झोपा काढता येत नाहीत. दर पावसाळ्यापूर्वी माती टाकावीच लागते. आपल्या मुलांनी हे हक्क परीक्षेपुरते पाठ न करता शेजाऱ्याचा हक्क आपल्याच हक्काइतका जपावा, एवढे आपण त्यांस घरी शिकविले, तर बांध मजबूत राहील.