आमच्या घरातली अंदाजवही

आमच्या घरात दोनशे पानी एक वही आहे. तिच्या पुठ्ठ्यावर थोरलीने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद चिकटवला आहे आणि त्यावर उर्दूत व मराठीत एकच शब्द लिहिला आहे: अंदाजवही. मोहमेडन स्पोर्टिंगचा सामना असला की मगरिबनंतर ही वही कपाटातून निघते. घरातले पाचही जण आपापला अंदाज लिहितात आणि सही करतात. निकाल बरोबर आला तर एक गुण, गोलांचा आकडाही जुळला तर तीन. आम्ही दोघं नवरा-बायको शाळेत शिकवतो, त्यामुळे गुण दिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

चिपळूणच्या घरात कोलकात्याचा क्लब कसा आला, असं पाहुणे विचारतात. याचं उत्तर अब्बा देतात. त्यांचे वालिद जहाजावर खलाशी होते. जहाज बंदरात लागलं की मुंबईत गावच्या जमातीच्या खोलीवर मुक्काम असायचा. 1940 मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग रोव्हर्स कप खेळायला मुंबईत आली, तेव्हा खोलीवरची सगळी पोरं कुपरेजच्या मैदानावर गेली. अंतिम सामना बंगळूर मुस्लिम्सशी झाला आणि मोहमेडनने तो जिंकला. त्याच वर्षी दिल्लीत इंग्रज पलटणीच्या संघाला हरवून ड्युरंड कप जिंकणारा पहिला भारतीय संघही हाच ठरला. आजोबा गावी परत आले ते हे दोन कप सोबत घेऊनच आले म्हणा ना. त्यांनी ते अब्बांना दिले, अब्बांनी आम्हाला, आणि आम्ही पोरांना. जमीन-जुमला फार नव्हता, वारशात हेच मिळालं.

अब्बांची तस्बीह ठरलेली. "तेहतीस साली दुसऱ्या श्रेणीतून वर आले. चौतीस साली कलकत्ता लीगमध्ये पहिल्या श्रेणीत पाऊल ठेवलं आणि पहिल्याच वर्षी लीग मारली. हिंदुस्थानी क्लबने ती लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. मग पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस!" पाच बोटं मोजून होईपर्यंत चहा गार झालेला असतो. मग सलीमची गोष्ट. मोहमेडनचा हा खेळाडू 1936 मध्ये ग्लासगोला गेला आणि सेल्टिक क्लबकडून पायाला पट्ट्या बांधून अनवाणी खेळला. ही गोष्ट आमच्या पोरांनी इतक्या वेळा ऐकली आहे की धाकटा लहानपणी पायाला ओढणी गुंडाळून अंगणात चेंडू मारायचा.

त्यानंतरची वर्षं मात्र अब्बा भराभर उलटतात. सांगण्यासारखं फार नव्हतं. 1981 नंतर कलकत्ता लीगसाठी चाळीस वर्षं वाट पाहावी लागली. 2021 मध्ये ती मिळाली आणि पाठोपाठ 2022 आणि 2023 मध्येही मिळाली. मग आली 6 एप्रिल 2024 ही तारीख. रमजानचा सव्विसावा रोजा होता. शिलाँगमध्ये लाजोंगला 2-1 हरवून मोहमेडनने आय-लीग जिंकली आणि इंडियन सुपर लीगचा दरवाजा उघडला. अब्बांनी शुक्राने की नमाज पढली. अम्मीने विचारलं, "फुटबॉलसाठी?" अब्बा म्हणाले, "वालिदसाठी."

16 सप्टेंबर 2024 रोजी वहीचं पहिलं पान उघडलं. अब्बांचा अंदाज एका वाक्याचा होता: मोहमेडन यंदा चॅम्पियन. चौतीस साली वर आल्यावर पहिल्याच वर्षी जिंकले, तर आता का नाही? आम्ही दोघांनी विचारपूर्वक सातवा क्रमांक लिहिला. धाकट्याने चौथा लिहिला. अम्मीने लिहिलं, "जे अल्लाहला मंजूर." तिला गुण कसे द्यायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. थोरली संख्याशास्त्र शिकते. तिने लिहिलं, शेवटच्या तिघांत. त्यावर अब्बा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

पहिला सामना नॉर्थईस्ट युनायटेडशी होता. नव्वद मिनिटं बरोबरी राहिली आणि इंज्युरी टाइममध्ये गोल खाल्ला. दुसरा सामना गोव्याशी. आपण पुढे होतो, पुन्हा इंज्युरी टाइममध्ये बरोबरी झाली. तिसऱ्या सामन्यात चेन्नईत जाऊन 1-0 असा विजय मिळाला आणि घरात शेवयांची खीर झाली. आम्हाला वाटलं, गाडी रुळावर आली. पुढच्याच सामन्यात मोहन बागानने 3-0 हरवलं.

पण खरा घाव 9 नोव्हेंबरचा. समोर ईस्ट बेंगॉल. अर्धा तास व्हायच्या आतच त्यांच्या दोन खेळाडूंना लाल कार्ड मिळालं. अकरा विरुद्ध नऊ! अब्बा खुर्चीच्या टोकाला आले. धाकटा उभाच राहिला. आमच्या वर्गात अशी पेपर फुटल्यासारखी संधी मिळाली तर शेवटच्या बाकावरचाही पास होईल. एक तास गेला. चेंडू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मग गोलखांबाच्या वरून बाहेर. सामना 0-0 संपला. अब्बांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "नऊ जणांना हरवायला अकरा लागतात. आपले अकरा होते कुठे?"

जानेवारीत कळलं की ते अकरा कुठे होते. खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या आल्या. त्यांनी सरावाला जायचं थांबवलं आणि रशियन प्रशिक्षक चेर्निशोव क्लब सोडून गेले. तोवर आम्ही वहीत खेळाडूंना शिव्याच लिहीत होतो. आमच्यापैकी एकाने विनाअनुदानित तुकडीवर सात वर्षं काढली आहेत. पगार नसताना फळ्यासमोर उभं राहणं काय असतं, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी घाना, उझबेकिस्तान, मिझोराम अशा ठिकाणांहून कोलकात्यात रोजीसाठी आलेल्या पोरांचं घर कसं चालत असेल, हा विचार आमच्या मनात तोवर आलाच नव्हता. त्याच महिन्यात याच पोरांनी बंगळूरला जाऊन 1-0 असा सामना जिंकला. वहीत कुणाचाच अंदाज बरोबर नव्हता. अब्बांनी सुद्धा त्या दिवशी हार लिहिली होती.

तो दुसरा विजय. तिसरा आलाच नाही. चोवीस सामने, दोन विजय, सात बरोबरी, पंधरा पराभव. सगळ्या हंगामात केलेले गोल बारा. तेरा संघांत तेरावा क्रमांक. लीगमधून खाली उतरण्याचा नियम त्या वर्षी नव्हता म्हणून वाचलो.

आता जे सांगायचं आहे ते खेळापलीकडचं आहे.

मार्चमध्ये रमजान सुरू झाला होता. धाकटा तेव्हा नववीत होता. दहावीच्या क्लासच्या फीचा पहिला हप्ता म्हणून आम्ही त्याच्या हाती चार हजार रुपये दिले होते. एका संध्याकाळी इफ्तारची तयारी चालू असताना क्लासमधून फोन आला: चौदाशेच जमा आहेत, बाकीचे कधी भरणार? आम्ही त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

दोन हजार सहाशे रुपये मोबाइलमधल्या खेळात गेले होते. आपला संघ निवडायचा, एकोणपन्नास किंवा नव्याण्णव रुपये भरायचे, निवडलेले खेळाडू चांगले खेळले तर पैसे मिळतात. तो लहान म्हणून खातं मावसभावाच्या नावावर उघडलेलं. सुरुवातीला तीनशे चाळीस रुपये मिळाले, तिथेच तो अडकला. आणि आमच्या या शहाण्याने दर वेळी निवडले कोण, तर मोहमेडनचे फॉरवर्ड! सगळ्या हंगामात बारा गोल करणाऱ्या संघाचे. थोरलीने नंतर हिशेब मांडून दाखवला, "सगळ्यांनी भरलेल्या पैशांतून कंपनी आपला हिस्सा आधीच काढून घेते. उरलेल्यावर तुम्ही भांडता. तू हुशार असतास तरी कंपनी तुझ्याआधी जिंकलेली असती."

पण हे नंतर. त्या संध्याकाळी आमचा तोल गेला. रोजा आहे हेही विसरून आम्ही ओरडलो. जुगार, हराम, घराण्याची अब्रू, सगळं त्याच्यावर ओतलं. त्याने ऐकून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "अम्मी, अब्बू, आणि वहीचा डबा?"

वाचकहो, डब्याबद्दल आम्ही अजून तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्याची लाज वाटते म्हणून. गंमत वाढावी म्हणून पहिल्या महिन्यापासूनच आम्ही एक नियम केला होता. महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येकाने वीस रुपये बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. महिनाअखेर ज्याचे गुण जास्त, त्याने शंभर रुपये उचलायचे. अब्बांचे आणि दादीचे वीस रुपये आम्हीच घालायचो. घरातल्या घरात, हसत-खेळत.

आमच्याकडे उत्तर नव्हतं. बांग झाली, खजूर तोंडात गेली, पण घशाखाली उतरेना.

तरावीहनंतर आम्ही मशिदीतल्या मौलानांना विचारलं, घराचं नाव न घेता. त्यांनी एका वाक्यात सांगितलं: सगळ्यांनी टाकायचं आणि अंदाज लागेल त्या एकाने न्यायचं, याचंच नाव किमार. रक्कम वीसची की वीस हजारांची, याने सूरत बदलत नाही. परत येताना अब्बा एवढंच बोलले, "पोरगा आपल्याच मदरशात शिकला."

त्या रात्री आम्ही धाकट्याजवळ बसलो. आधी आमची चूक कबूल केली. मुलासमोर माफी मागणं आईबापांना जड जातं, शिक्षकांना त्याहून जड. दोन्ही ओझी एकदमच उतरवली. डब्यातले पैसे ज्याचे त्याला परत केले आणि डब्यात अम्मीने जिरं भरलं. पण त्याची चूकही सोडली नाही. खोटं बोलणं आणि मावसभावाचं नाव वापरणं, हे आमच्या डब्यात नव्हतं. फी आम्ही भरली. दोन हजार सहाशे त्याने फेडायचे ठरले. ईदीचे नऊशे त्याने स्वतःहून आणून दिले. बाकीसाठी सुट्टीत शेजारच्या दोन पोरांना गणित शिकवलं. जूनअखेर शेवटचे दोनशे हातावर ठेवताना तो म्हणाला, "अब्बू, शिकवण्यात लई कमी पैसे मिळतात हो." आम्ही म्हटलं, बेटा, हे आम्हाला विचार.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ते ॲपही थंडावलं. बरं झालं. पण त्या ॲपच्या आधी आमच्या कपाटात डबा होता, हे आम्ही विसरणार नाही. आपल्या घरांतही कुठे असा डबा असेल, भिशीच्या, क्रिकेटच्या, निवडणुकीच्या निकालाच्या नावाने, तर एकदा झाकण उघडून पाहावं, एवढीच विनंती.

वही मात्र आम्ही ठेवली आहे. बंद करावी असं आम्हाला वाटलं होतं. धाकटाच म्हणाला, ठेवूया, पण गुण नकोत. आता गुणांच्या जागी एक नवा रकाना आहे: 'आपण का चुकलो?' तो भरताना जास्त वेळ लागतो. मागची पानं चाळली तेव्हा आमच्या लक्षात आलं की आपल्या संघाच्या बाबतीत आपण प्रेमापोटी चुकतो आणि वर्गातल्या पोरांच्या बाबतीत सवयीने. जूनमध्येच कुणाच्या नावापुढे मनात 'नापास' लिहून टाकतो. तो रकानाही कधीतरी भरायला हवा.

2025 मध्ये हे लिहीत होतो तेव्हा पुढची लीग कधी सुरू होणार हेच ठरलेलं नव्हतं. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराचं घोंगडं भिजत पडलं होतं. तरी वहीत अंदाज लिहून झाले होते. थोरली म्हणते, पुन्हा शेवटच्या तिघांत. धाकटा म्हणतो, चार विजय. अम्मीचं मागच्या वर्षीचंच वाक्य आहे. आम्ही दोघांनी क्रमांक लिहिलाच नाही. लिहिलं, "पोरांचे पगार वेळेवर व्हावेत. मग खेळाचं बघू."

आणि अब्बा? त्यांनी चष्मा पुसला, पेन मागितलं आणि थरथरत्या हाताने लिहिलं: मोहमेडन यंदा चॅम्पियन, इन्शाअल्लाह.

मागच्या वर्षी शेवटचा शब्द नव्हता.