मी बुजवलेला झरोका

आमच्या न्हाणीघराचा झरोका मी माझ्या हातांनी बुजवला होता. प्लायवूडचा तुकडा मापात कापला, चार स्क्रू मारले, फटींत पुट्टी भरली. काम चोख झालं म्हणून मला समाधानही वाटलं होतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्या चार स्क्रूंमुळे घडलं.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. सुरत–भुसावळ मार्गावरच्या गाडीने वडील बारडोलीला आले आणि आम्ही इथलेच झालो. बारडोली म्हटलं की लोकांना 1928 चा सत्याग्रह आठवतो, सरदार आठवतात. मला आठवतात त्या हंगामात रात्रभर रांग लावून उभ्या असलेल्या उसाच्या गाड्या आणि बॉयलरची भट्टी. साखर कारखान्यात माझी उमर त्या भट्टीपुढे गेली. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळायचा तर हवा मोजून द्यावी लागते. एफडी पंखा हवा आत ढकलतो, आयडी पंखा जळालेला वायू ओढून चिमणीकडे नेतो. या दोहोंचा मेळ बिघडला की आग आजारी पडते. हवा अपुरी पडली तर इंधन अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हे मी कामावर नव्याने आलेल्या पोरांना शिकवत असे. ते शिकवणारा माणूस घरी आला की वेगळाच होई. कारखान्यातलं ज्ञान मी कधी फाटकाबाहेर आणलंच नाही.

असं का झालं, याचा मी खूप विचार केला. त्याचं मूळ गावच्या घरात आहे. धाब्याचं घर, मातीचं छत, आणि चुलीच्या वर छताला ठेवलेलं भोक. त्याला आमच्याकडे साणं म्हणतात. त्यातून धूर बाहेर जाई आणि उन्हाचा एक कवडसा आत येई. पाऊस लागला की साण्यावर घमेलं पालथं पडे, मग सगळा धूर घरात कोंडे. फुंकणीने विस्तव फुलवताना मायच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. ते बघतच मी मोठा झालो. म्हणून घरी गॅस आला तेव्हा मला वाटलं, धूर गेला म्हणजे साण्याची गरजही गेली. भिंतीतलं भोक म्हणजे मला गरिबीची खूण वाटू लागली.

बारडोलीत घर बांधताना माय म्हणाली होती, "जिथं इस्तव, तिथं साणं ठेव रे बाबा." मी म्हणालो, "माय, गॅसला धूर नसतो." ती गप्प बसली. माझं उत्तर तिला पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मी तेच धरून राहिलो.

तिच्या माघारी न्हाणीघरात गॅस गिझर बसला. बसवणाऱ्याने काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. झरोक्यातून थंडीत वारा येई, डास येत, शेजारच्या गच्चीवरून आत दिसेल अशी मुलीची तक्रार होती. मी प्लायवूड मारलं. बायको म्हणाली, "अहो, गॅस आहे आत, थोडी फट तरी ठेवा." मी तिला समजावलं, की गळला तर वास येईलच. सिलिंडरच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात, ते मला माहीत होतं. पण तो वास असतो न जळलेल्या गॅसला. जळताना मर्कॅप्टनही जळून जातं, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माझा पहारेकरी चुकीच्या दारावर उभा होता.

2022 सालची गोष्ट. उत्तरायणला दोन दिवस होते, गच्च्यांवर पतंग दिसू लागले होते. सकाळी मुलगी न्हायला गेली. बऱ्याच वेळाने बायकोला बादली वाहून चालल्याचा आवाज आला. हाका मारल्या, उत्तर नाही. कडी तोडली तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसलेली, मान कललेली, आणि वर गिझर निळा-पिवळा जळत होता. तिला ओसरीवर आणलं. थोड्या वेळाने डोळे उघडले, उलटी झाली, डोकं फुटतंय म्हणाली. करोनाच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर मी तिच्या बोटाला लावला. आकडा आला 98. मी म्हणालो, "ऑक्सिजन ठीक आहे."

ठीक नव्हता. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. घरगुती ऑक्सिमीटर उजेडाने रक्ताचा रंग बघतो आणि त्याला या दोघांतला फरक कळत नाही. विष चढलेल्या रक्तालाही तो चांगलं म्हणतो. तिला दवाखान्यात नेलं. तिथे आधी फिट आली असावी असं ठरत होतं, मेंदूच्या तपासण्यांची नावं निघत होती. एका तरुण डॉक्टरने मात्र विचारलं, "गिझर गॅसचा आहे का? न्हाणीघराला खिडकी आहे?" पहिल्या प्रश्नाला मी हो म्हणालो. दुसऱ्याला माझ्या तोंडून शब्द निघेना.

तिला मास्कने ऑक्सिजन लावला. डॉक्टरने समजावलं, की साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने तेच काम दीडेक तासात होतं. आंघोळ करताना अशी शुद्ध हरपून मिरगीची औषधं सुरू झालेली माणसं आहेत, आणि डॉक्टरांच्या लिखाणात याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावही आहे. मुलगी बरी झाली. त्या रात्री मी कागद घेऊन बसलो आणि भट्टीसाठी आयुष्यभर केलेला हिशेब पहिल्यांदा माझ्या घरासाठी केला.

आमचं न्हाणीघर चार बाय सहा फूट, उंची आठ. म्हणजे हवा साडेपाच घनमीटरही नाही. असा छोटा गिझर दहा मिनिटांत सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जाळतो, आणि त्याला जवळपास दोन घनमीटर हवा लागते. एका आंघोळीत खोलीतल्या हवेचा तिसरा हिस्सा ज्योतीने खाल्ला होता. जळालेला वायू बाहेर जाऊ शकत नव्हता, तोच फिरून ज्योतीला मिळत होता. ऑक्सिजन जसा घटला, तशी ज्योत पिवळी पडली आणि विष वाढत गेलं. कारखान्यात अशी भट्टी कोणी चालवली असती, तर मी त्याला तिथेच थांबवलं असतं.

दुसऱ्या दिवशी प्लायवूड काढलं. गिझर न्हाणीघरातून उचलून मागच्या वाड्यात उघड्यावर, पत्र्याच्या आडोशाला नेला. आत येतो फक्त गरम पाण्याचा नळ. मग स्वयंपाकघराकडे वळलो. आमच्या हौसेने घेतलेल्या चिमणीला बाहेर जाणारा पाइपच नव्हता. ती तेलकटपणा गाळून तीच हवा परत खोलीत सोडत होती. तिला पाइप जोडला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून खाली जाळी केली. पाइपलाइनचा गॅस हलका, तो वर जातो, म्हणून वरचा झरोकाही ठेवला, पुढे जोडणी घेतली तर असावा. दोन्ही उघडे असले की खालून ताजी हवा येते, वरून जळालेली जाते. हे तर एफडी आणि आयडीच, फक्त पंख्यांशिवाय.

2023 च्या होळीला घाटकोपरमध्ये एक जोडपं न्हाणीघरात मृतावस्थेत सापडलं आणि संशय गॅस गिझरवर गेला. ती बातमी वाचून मी बराच वेळ पेपर हातात धरून बसलो. तेव्हापासून ओळखीच्या घरी गेलो की न्हाणीघर बघू द्या म्हणतो. लोकांना ते विचित्र वाटतं, वाटू दे. गिझर हलवणं जमत नसेल तर निदान दार सताड उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, आणि मगच आत जा, असं सांगतो. कोणाला आत चक्कर आली, तर आधी उघड्यावर आणा, गॅस बंद करा, आणि दवाखान्यात गिझरचं नाव पहिल्यांदा घ्या.

बहुतेक जण मला तेच सांगतात, जे मी मायला सांगितलं होतं: गॅसला धूर नसतो. तेव्हा मी त्यांना म्हणतो, धूर नसतो तेच तर वाईट. धुराने मायच्या डोळ्यांत पाणी आणलं, पण साणं बंद असलं की तिला ते कळवलंही. माझ्या घरात ते कळवणारं काही उरलं नव्हतं, आणि जी माणसं सांगत होती त्यांचं मी ऐकलं नाही.

प्लायवूडच्या स्क्रूंची चार भोकं झरोक्याच्या चौकटीत अजून आहेत. रंगारी आला तेव्हा ती भरू का म्हणून त्याने विचारलं. मी नको म्हणालो.