बाळू पाळवणकरांविषयी माझे मत का बदलले

क्रिकेटपटूची थोरवी आकड्यांवरून ठरवायची, असे मी बरीच वर्षे ठामपणे मानत आलो. नौपाड्यात गोखले रोडवर आम्ही मित्र संध्याकाळी चहाला जमतो. आयसीसीच्या हॉल ऑफ फेमचा विषय निघाला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: कसोट्या किती, बळी किती? त्यामुळे बाळू पाळवणकरांचे नाव मी कधी पुढे सरकू दिले नाही. त्यांच्याविषयी आदर होताच, पण एकही कसोटी न खेळलेल्याला एवढा मान कशाला, असे मला वाटे.

रामचंद्र गुहांचे भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरचे पुस्तक वाचले आणि ते मत टिकेना. भारताची पहिली कसोटी जून 1932 मध्ये झाली. तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते! जी कसोटी नव्हतीच, ती खेळले नाहीत म्हणून त्यांना अडवायचे? बरे, आकडेही आहेतच. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात आपला संघ एकामागून एक सामने हरत असताना या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने 114 बळी घेतले.

पण मला खरे हलवले ते त्या आकड्यांमागच्या आयुष्याने. चर्मकार समाजातले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत, जाळी लावत आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करत. हाती बॅट मात्र मिळत नसे. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हते. तरी पुण्यात त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्या संघात बाळू होते. कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. ते 1923 मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले.

दुसऱ्या खेळातले उदाहरण घ्या: आइस हॉकीच्या हॉल ऑफ फेमने 1945 च्या पहिल्याच तुकडीत फ्रँक मॅगीला घेतले. तो मोजकेच हंगाम खेळला आणि 1916 मध्ये युद्धात मारला गेला. 1905 च्या एका सामन्यात त्याने 14 गोल केले होते. जुन्या खेळाडूला त्याच्याच काळाच्या मापाने मोजतात, ते असे.

आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये बाळू अजून नाहीत. बीसीसीआय आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्यांच्यासाठी आग्रह धरावा आणि आपण क्रिकेटवेड्या मराठी माणसांनी तो धरायला लावावा.