पुरात वाहून आलेला वासा

नदीला पूर आला की खालच्या गावातली माणसं काठावर येऊन पाण्यात काय वाहत येतंय ते बघतात. घडीव वासा दिसला की कुणीतरी म्हणतं, वर कुठंतरी घर बसलं. न्यूरोफिलामेंट लाइट नावाचं प्रथिन म्हणजे असाच वासा.

मुक्काम त्याचा मज्जापेशीच्या लांबलचक तंतूत. तंतूला आतून ताठ ठेवायचं, एवढंच काम. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं तुंबली, तंतू तुटले, की तो सुटतो आणि रक्तात उतरतो. तोही किती? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम. धडधाकट तरुणाच्या मिलिलिटरभर रक्तद्रवात असे जेमतेम दहाएक पिकोग्रॅम. वय वाढेल तसा तो निरोग्यांतही वाढतो. म्हणूनच तिशीतल्या रक्तात तो एकदम चढला की पडझडीची शंका घ्यायची.

स्वभाव सावकाश. हृदयाच्या झटक्यात ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन काही तासांत वर्दी देतं. हा पहिल्या दिवशी थोडाच दिसतो, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुरता चढतो, मग महिनोन्‌महिने ओसरत राहतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी सत्तरीच्या आतल्या पक्षाघाताच्या रुग्णांचं रक्त पहिल्या दिवसांत, तीन महिन्यांनी आणि सात वर्षांनी तपासलं. ज्यांच्या रक्तात तो जास्त, त्यांचं अपंगत्वही सहसा जास्त निघालं.

साक्षीदार प्रामाणिक, पण पडलेलं घर कुणाचं ते त्याला सांगता येत नाही. मेंदूतून हाताकडं जाणाऱ्या वाटेवरचा हरभऱ्याएवढा भाग गेला तरी हात लुळा पडतो, आणि रक्तात वासे मात्र थोडेच.

नवी भिंत उभी राहतेय का, हेही त्याला ठाऊक नसतं. माझ्या मावसभावाच्या अंगावरून छत्तिसाव्या वर्षी वारं गेलं. चौथ्या महिन्यात मावशी रोज दुपारी परातीत राजमे पसरून त्याच्यापुढं बसायची. उजवा अंगठा बोटाला टेकेपर्यंत दाणा निसटायचा. डावा हात मदतीला सरसावला की मावशी तो मनगटाशी धरून ठेवायची. पहिल्या दिवशी वाटीत तीन दाणे पडले. दिवाळीपर्यंत तो शर्टाची वरची दोन बटणं लावू लागला. मेंदूचा शाबूत भाग त्या वेचण्यातून गेलेलं काम शिकत होता. रक्ताचा कुठलाही आकडा हे मोजत नाही, आणि मला तरी ती वाटीच जास्त खरी वाटते.

एक गोष्ट मात्र अजून सलते. त्या पहाटे त्याचा शब्द अडखळला, हातातला कप सुटला, आणि हात अंगाखाली अवघडला असेल म्हणून आम्ही दुपार केली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. तोंड वाकडं झालं, हात लोंबला, जीभ जड झाली, तर वय बघत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय गाठा, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना आधी सांगा.