मूर्तिजापूरचा पाय आणि पोर्टलंडची आजी

मागच्या वर्षी माझ्या आबाजींच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. त्याआधी दोन वर्षे ते मूर्तिजापूरच्या बाजारात चालता चालता थांबत, पोटरी चोळत आणि वय झाले म्हणत. अकोल्यातील एका डॉक्टरांनी सांगितले की पायाची धमनी बंद आहे, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल.

"पाय गेला तं वावरात कसा जाईन?" एवढे बोलून आबाजींनी विषय संपवला. आम्ही सारे चिडलो. मी तर इतिहासाचा विद्यार्थी. पण असा नकार पूर्वीही कुणी दिला असेल, हे माझ्या मनातही आले नाही.

तो दिला होता ८२ वर्षांच्या लॉरा शॉ यांनी, अमेरिकेतील पोर्टलंड शहरात. पायाला गँग्रीन झालेले. शल्यविशारदांचा सल्ला तोच, कापा. बाई हटल्या नाहीत, म्हणून त्यांना क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांच्याकडे पाठवले गेले. आदल्याच वर्षी दुसऱ्या एका रुग्णाची तपासणी करताना डॉटर यांची नळी बंद धमनीतून चुकून पार गेली होती. त्या चुकीतून त्यांना उपाय सुचला होता. रुग्ण मात्र मिळत नव्हता. १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांनी शॉबाईंच्या धमनीत तार सरकवली, तिच्यावरून बारीक नळी, मग जाड. अरुंद जागा रुंदावली, थंड पाऊल ऊबदार झाले. अडीच वर्षांनी न्यूमोनियाने त्या वारल्या, तोवर ती धमनी खुली होती.

ग्रंथांत नाव डॉटर यांचे येते आणि ते योग्यच आहे. पण ती बाई त्या टेबलापर्यंत पोचली ती स्वतःच्या नकारामुळे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. (असा नकार नेहमी शहाणपणाचा नसतो. सडलेला भाग ठेवला तर विष अंगात भिनून माणूस दगावतो.)

अमेरिकेतील शल्यविशारदांनी डॉटर यांना वेड्यात काढले. युरोपने मात्र त्यांची पद्धत उचलली. १९७४ मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीला फुगा जोडला, तोही आधी पायासाठीच. हृदयाची पाळी आली १९७७ मध्ये. आपल्याकडे अँजिओप्लास्टी म्हटले की छातीवर हात जातो. इतिहासाचा क्रम उलटा आहे.

आबाजींची फुग्याची प्रक्रिया अखेर अमरावतीत झाली. भूल फक्त जांघेपुरती, त्यामुळे ते पडद्यावर स्वतःची धमनी पाहत होते. "पाटात गाळ साचला व्हता," बाहेर आल्यावर त्यांनी आम्हालाच समजावले. अंगठा गेला, पाय राहिला. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली आहे; आजीला रोज त्यांचे खिसे तपासावे लागतात.