ताईचा जांभळा

पिरंगुटच्या दवाखान्यात ताईची नात खुर्चीत आडवी झाली, की डॉक्टरीणबाई आधी विचारतात, "मग, या वेळी कोणता?" आणि खणातून प्लॅस्टिकच्या काड्यांचा जुडगा काढून तिच्या हातात देतात. एकेका काडीवर एकेका रंगाच्या रबरी रिंगा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. राणी, मोरपंखी, चंदेरी, गडद निळा. पोरगी एकेक काडी ओठांशी धरून आरशात बघते. मला दर वेळी कासार आठवतो.

पौडच्या पुढे, धरणाकडच्या आमच्या गावात कासार लग्नसराईत यायचा. ओसरीवर बांगड्यांच्या चळती मांडायचा आणि बायका हात पुढे करून बसायच्या. ताई प्रत्येक रंग मनगटाशी लावून बघायची, तासभर तिचं ठरायचं नाही. रंग निवडायचा तो बांगडीचा नाहीतर वेणीच्या रिबिनीचा. दातांचं काय निवडणार? ते जसे येतील तसे यायचे.

ताईचे पुढे आले. दुधाचा दात पडला की आजी तो शेणाच्या गोळीत घालून कौलांवर फेकायला लावायची आणि बजावायची, "खिंडीत जीभ लावू नकोस, वाकडा येईल." ताईने जीभ लावली नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. तरी आले. शाळेत पोरं तिला फावडी म्हणायची. तेव्हापासून हसताना तिचा तळवा तोंडावर जायला लागला, पुढे तळव्याच्या जागी पदर आला. बघायला आलेल्या एका घराने निरोप धाडला होता, मुलगी चांगली आहे, पण दात. लग्नाच्या एकाही फोटोत तिचे ओठ उघडे नाहीत.

यावर इलाज असतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची भारतातली संघटना, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी, १९६५ साली स्थापन झाली. म्हणजे ताईच्या जन्माआधी. पण ती विद्या पुण्याचा चांदणी चौक ओलांडून आमच्यापर्यंत आली नाही. दातासाठी पुण्याची एसटी धरायची ती दाढ ठणकली तर, आणि तीही काढून टाकायला.

रंग मात्र तेव्हाही दातांवर चढायचे. उन्हाळ्यात करवंदं, पाऊस सुरू होता होता जांभळं. जाळीत हात खरचटून घ्यायचे, ओंजळभर खायची आणि जिभा बाहेर काढून कुणाची जास्त जांभळी ते बघायचं. त्या खेळात ताई तोंड झाकायची नाही. सगळ्यांचेच दात जांभळे, तिचे कोण बघणार? त्या जाळ्यांच्या जागी आता प्लॉटांची कुंपणं आहेत, आणि तिथून जाताना मला खरंच वाईट वाटतं.

आजीचे दात मशेरीने काळे. त्याच्याही आधीच्या बायका हिरडा आणि हिराकस घालून दातवण करायच्या, हौसेने दात काळे करून घ्यायच्या. हिरड्याचा तुरट रस आणि हिराकसातलं लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो, जुनी शाईसुद्धा तशीच करत. त्या दातवणाबद्दल मला कुतूहल आहे. मशेरीबद्दल नाही. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो उग्र वास आणि आजीच्या हिरड्या आठवल्या, की घरातून ती बला गेली ते बरं झालं असंच वाटतं.

२००३ साली टीव्हीवर 'जस्सी जैसी कोई नहीं' सुरू झालं. जस्सीला जाड चष्मा आणि दातांवर तार, म्हणजे ती दिसायला बरी नाही हे बघणाऱ्याला लगेच कळावं. ताईने दातांची तार पहिल्यांदा पाहिली ती तिथे. भाकरी थापता थापता थांबली आणि मला म्हणाली, "म्हणजे दात मागे नेता येतात?" पस्तिशी उलटली होती तिची. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तिचा पिठाचा हात तेवढा आठवतो.

तिच्या नातीचे दातही तसेच आले. पण या वेळी वाट बघितली नाही. प्रत्येक दातावर एक बारीक चौकट चिकटवलेली, चौकटींतून गेलेली तार, आणि तार चौकटीत धरून ठेवायला ही रबरी रिंग. महिन्याभरात रबराचा ताण ढिला पडतो, म्हणून दर चार-पाच आठवड्यांनी सगळ्या बदलायच्या. उपचार दीड-दोन वर्षांचा, म्हणजे वीसेक वेळा रंग निवडायचा. ताईने आयुष्यभरात कासाराकडे तरी वीस वेळा निवडला असेल का?

पहिल्या खेपेला पोरीने पारदर्शक रिंगा घेतल्या, दिसायला नकोत म्हणून. चौथ्या दिवशी घरात हळद होती. आमटी, रस्सा, पुन्हा आमटी. संध्याकाळपर्यंत रिंगा पिवळ्याधमक. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की विटतो, तोंडात ऊन कुठलं आणायचं? तेव्हापासून तिने आपलं शास्त्र बनवलंय. पांढऱ्याने दात उलट पिवळट दिसतात. हिरवा म्हणजे मेथी अडकल्यासारखा, काळा म्हणजे तीळ. गडद निळ्याने दात उजळतात. गणपतीत केशरी. शाळेत मैत्रिणी तिला "आ कर, दाखव" म्हणतात आणि ती मोठा आ करून दाखवते. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ताईकडे बघवेना.

गेल्या आषाढात ताई पहिल्यांदा आमच्याबरोबर दवाखान्यात आली. तिने आधी हिरवा सुचवला, "सणासुदीचे दिवस येतायत, हिरवा शुभ असतो." नात म्हणाली, "आजी, मेथी!" मग पोरीने तो जुडगाच तिच्या हातात दिला. "आज तू निवड." ताई खिडकीशी गेली. एकेक काडी उजेडात धरली, मनगटाशी नेली. डॉक्टरीणबाई हातमोजे घालून थांबल्या होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने ताईने एक काडी पुढे केली.

जांभळी.

बारीक चिमट्यात एकेक रिंग धरून, ताणून, चौकटीच्या चारही कानांवर बसवायची. ताई जवळ उभी राहून शेवटच्या दातापर्यंत बघत होती.

परतताना पौडजवळ रस्त्याकडेला कणसं भाजत होती. तार असताना कणीस दातांनी तोडायचं नसतं, चौकट निसटते. आम्ही गाडी थांबवली. ताईने कोवळंसं कणीस निवडून घेतलं, पदरात धरलं आणि अंगठ्याने दाणे सोलून नातीच्या ओंजळीत टाकायला लागली, ओळीने, एकेक.