मँचेस्टरची वात

मँचेस्टर म्हटलं की आपल्याकडे पहिला विषय निघतो फुटबॉलचा. सोमवारी सकाळी डोळे तारवटून ऑफिसात येणारा युनायटेडचा एखादा भक्त तुमच्याही फ्लोअरवर असणारच. पण प्रत्यक्ष शहरात उतरलात की कळतं, हे गाव मुळात कापसाचं. इचलकरंजीला आपण 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतो ते काही उगाच नाही. अँकोट्स भागातल्या लाल विटांच्या गिरण्यांमध्ये आता फ्लॅट्स आणि कॅफे आहेत (लोअर परळ आठवलं ना?). रॉयल एक्स्चेंजच्या ज्या प्रचंड हॉलमध्ये कापसाचे सौदे व्हायचे, तिथे १९७६ पासून चक्क नाटकाचं थिएटर आहे. मान वर केलीत तर बोर्डावर १९६८ मधल्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच दिसतात.

मी तिथे गेले होते ते मात्र चिमूटभर कापसासाठी. तोही खाण्यापिण्याचा नाही, कपड्यांचाही नाही. ओढण्याचा!

सांगते. कॉलेजातला माझा एक मित्र तीन वर्षं मँचेस्टरला एका आयटी प्रोजेक्टवर होता. पुण्यात असताना याच्या दिवसाला बारा सिगारेटी. डेडलाइन असली तर मोजदाद नाही. मँचेस्टरला गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात त्याने सिगारेट सोडली आणि व्हेप धरलं. पुढे त्यातली कॉइल स्वतः वळायला लागला. फोनवर तो याबद्दल इतकं बोलायचा की त्याच्या आईने मला विचारलं होतं, "अगं, हा तिकडे वायरमनचं काम करतो का?" त्याचं प्रोजेक्ट संपत आलं होतं आणि तो कायमचा परत येणार होता. त्याआधी आठवडाभर मी जाऊन आले.

नॉर्दर्न क्वार्टर ही तिथली कूल मंडळींची गल्ली. जुन्या रेकॉर्ड्सची दुकानं, टॅटूवाले, भिंतींवर चित्रं, आणि अॅफ्लेक्स नावाची कित्येक मजली इमारत, जिच्यात सेकंडहँड जॅकेटपासून विगपर्यंत काहीही मिळतं. इथून चालताना अचानक आंब्याचा वास येतो. हापूस नव्हे, हापूसच्या इसेन्सचा. समोरून एक माणूस पांढऱ्या ढगातून बाहेर येतो आणि बसमध्ये चढतो. आपल्याकडे कोपऱ्यावर पानटपरी, तशी इथे व्हेपची दुकानं.

ब्रिटनने या गोष्टीकडे बघायची आपली अशी एक रीत ठरवली आहे. सिगारेटपेक्षा हे कमी घातक, पण निरुपद्रवी नक्कीच नाही. स्मोकरने सिगारेट सोडण्यासाठी वापरावं, बाकीच्यांनी वाटेला जाऊ नये. २०२३ मध्ये तर इंग्लंडमधल्या दहा लाख स्मोकर्सना व्हेपचं स्टार्टर किट द्यायची सरकारी योजना जाहीर झाली. दुसरीकडे नियमही आहेत. अठराच्या आत विक्री नाही, निकोटिन मिलिलीटरला २० मिलिग्रॅमच्या वर नाही, निकोटिनचं लिक्विड १० मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत नाही. आणि १ जून २०२५ पासून वापरा-आणि-फेका छाप रंगीत व्हेप विकायला पूर्ण बंदी. शाळकरी पोरांच्या हातात ती फार दिसायला लागली होती, आणि रस्तोरस्ती लिथियमच्या बॅटऱ्यांचा कचरा. पुन्हापुन्हा भरता येईल असं यंत्र घ्यायचं, हा आता कायदाच. मग त्यातल्या काहींना पुढची पायरी खुणावते : कॉइलपण आपली आपणच वळू या की!

मित्र मला ज्या दुकानात घेऊन गेला तिथे शनिवारी संध्याकाळी नवशिक्यांना हे शिकवतात. दुकानदार पन्नाशीचा, दंडावर मधमाशीचा टॅटू (कामकरी मधमाशी ही या शहराची निशाणी), बायकांना 'लव्ह' आणि पुरुषांना 'मेट' म्हणणारा. मी सिगारेट ओढत नाही म्हटल्यावर त्याने मला आधीच सांगून टाकलं, "मग लव्ह, तू फक्त बनवायचं. ओढायचं नाही." टेबलाभोवती आम्ही पाच जण. त्यात एक बस ड्रायव्हर होता आणि चाळीस वर्षं सिगारेट ओढलेल्या एक साठीच्या आजी.

आता फंडा असा. व्हेपमध्ये जळत काहीच नाही. बॅटरी, तिच्यावर एक छोटीशी डबी, डबीत तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, आणि वेटोळ्यातून ओवलेली कापसाची वात. वात लिक्विड शोषते, तार तापते, लिक्विडची वाफ होते. बस्स. आपली समई आणि आपला गीझर यांचं लग्न लावा, झालं.

तार कँथलची, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमचा मिश्रधातू. टोस्टरमध्ये अशाच जातीची तार असते. आमच्या हातात दिली ती जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीची. तीन मिलिमीटरच्या स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर ती ताणून गुंडाळायची, सहा वेढे. ऐकायला सोपं वाटतं. तार ढिली सोडलीत की वेढे स्प्रिंगसारखे उसळतात. आजींनी मात्र पहिल्याच फटक्यात एकसारखं वेटोळं काढलं. आयुष्यभर विणकाम केलेला हात होता.

मग कॉइलचे दोन पाय डबीतल्या दोन खांबांत घालून स्क्रू आवळायचे आणि जादा तार अगदी खांबालगत कापायची. तारेचं टोक बाहेर राहून डबीला टेकलं तर शॉर्ट सर्किट. आणि इथे दुकानदाराने सगळ्यांचे हात थांबवले. बटण दाबायच्या आधी मीटर! मीटरवर रेझिस्टन्स बघायचा. आमचा आला सुमारे ०.८५ ओहम.

शाळेत ओहमचा नियम 'ऑप्शनला' टाकणाऱ्या मंडळींनो, इथे तो टाकून चालत नाही. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची. तिला ०.८५ ने भागा : करंट साधारण ५ अँपिअर, ताकद २० वॉटच्या आसपास. हीच कॉइल निम्म्या ओहमची झाली तर करंट दुप्पट, १० अँपिअर. आणखी कमी ओहम, आणखी मोठे ढग आणि बॅटरीवर आणखी भार. तो तिच्या ऐपतीबाहेर गेला की बॅटरी तापते, फुटते, आणि ती असते तुमच्या तोंडासमोर नाहीतर पँटच्या खिशात. म्हणून नवशिक्याने चिपवालंच यंत्र घ्यायचं, जे शॉर्ट असेल तर चालूच होत नाही. चिप नसलेल्या नळीसारख्या यंत्रांना हातही लावायचा नाही. बॅटरीवरचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलं की ती बॅटरी बाद. सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर खिशात टाकणाऱ्याला दुकानदाराने जो शब्द वापरला तो इथे छापता येणार नाही.

मीटर पास झालं की कॉइल कोरडीच, थोड्या थोड्या वेळाने तापवायची. कापूस अजून घातलेला नसतो, घातला तर पेट घेईल. चांगली कॉइल मधोमध लाल होते आणि लाली दोन्ही कडांना सारखी पसरते. आधी एकच कड पेटली तर तिथे वेढे नीट बसलेले नाहीत. ते सिरॅमिकच्या चिमट्याने हलकेच दाबायचे. धातूचा चिमटा लावलात तर पुन्हा शॉर्ट. बस ड्रायव्हरच्या कॉइलची डावी कड चार वेळा हट्टाने आधी लाल झाली. पाचव्या वेळी उजेड मधून उमलला तेव्हा टेबलावर टाळ्या पडल्या. हौशी लोक यापुढे जाऊन एका तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळतात. गिटारच्या तारेसारखी दिसते म्हणून तिचं नाव क्लॅप्टन. ते नवशिक्यांचं काम नव्हे.

आणि मग कापूस. या कापसाच्या गावात वातीसाठी पाकीट निघालं ते जपानी, ब्लीच न केलेल्या कापसाचं. दुकानदार म्हणाला, या पायरीवर बहुतेक जण घसरतात. कापूस जास्त कोंबला तर लिक्विड पुढे सरकत नाही आणि कोरडी तार कापूस करपवते. तो करपट धूर घशात गेला की माणूस दोन दिवस खोकतो. कमी घातला तर लिक्विड गळतं. मला विचाराल तर हा भाग कोणत्याही मराठी घरातल्या मुलीला कळावा असा आहे. माझी आजी चातुर्मासात वाती वळायची. कापूस आधी बोटांनी मोकळा करायचा, सरकी-कचरा काढायचा, बोटांना जरासं भस्म लावायचं, आणि वळताना पीळ इतकाच द्यायचा की वात उभी राहील पण तेल चढेल. करकचून वळलेली वात तेल ओढत नाही, काजळी धरते. इथेही तेच. पट्टी मोकळी करायची, टोकाला पीळ देऊन कॉइलमधून ओवायची. ओढताना किंचित अडली पाहिजे, पण कॉइल वाकता कामा नये. मग दोन्ही टोकं कापून, विंचरून, डबीच्या तळाशी हलकी टेकवायची आणि लिक्विडचे थेंब सोडत वात पूर्ण भिजवायची. माझी वात बघून दुकानदाराने विचारलं, आधी किती केल्या आहेस? मी म्हटलं, लाखाच्या नेमातल्या शंभरेक. त्याला लाखाच्या वाती समजावण्यात पंधरा मिनिटं गेली.

मित्राने माझी कॉइल आपल्या यंत्रावर चढवली, कमी वॉटवर दोन झुरके घेतले आणि मान डोलावली. एवढ्यासाठी एवढा खटाटोप का, हे मी त्याला विचारलंच. तयार कॉइल मिळते की. तो म्हणाला, "सिगारेट पेटवायला दोन सेकंद लागायची गं. ह्याला वीस मिनिटं लागतात. दर आठवड्याला समोर दिसतं मी काय ओढतोय ते. जुनी वात काढली ना, की काळी असते." लिक्विडमधलं निकोटिनही तो १८ वरून १२, मग ६, असं करत ३ मिलिग्रॅमवर आला होता. वाफेत तारेतल्या धातूंचे अंश उतरतात असं अभ्यासांत दिसलं आहे, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणून तर त्याला ३ वरून शून्यावर यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रामने ब्रुकलँड्सला गेलो. स्टॉपजवळच्या दफनभूमीत जेम्स प्रेस्कॉट जूलची कबर आहे. १८१८ मध्ये सॅलफर्डला जन्मलेला हा मद्य गाळणाऱ्याचा मुलगा. तारेतून करंट गेला की ती किती तापते, याचा नियम त्याने १८४० च्या सुमारास मांडला. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. आदल्या संध्याकाळी आम्ही पाच जण ज्याच्याशी झटापट करत होतो, तो हाच नियम. कबरीच्या दगडावर एक आकडा कोरला आहे, ७७२.५५. किती कामातून किती उष्णता मिळते याचं हे त्याचं मोजमाप. आजूबाजूला चिटपाखरू नाही, बारीक पाऊस. मित्राने यंत्र खिशातून काढलं आणि परत ठेवलं.

परतताना ट्राममध्ये विषय निघाला पुण्याचा. भारतात २०१९ पासून ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं आणि तिची जाहिरात करणं सगळ्यालाच बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. (म्हणून दुकानाचं नाव, ब्रँडचं नाव यातलं काहीही तुम्हाला या लेखात सापडणार नाही.) पोरांना याची चटक लागू नये हा सरकारचा मुद्दा मला पटतो. मँचेस्टरच्या बसस्टॉपवर युनिफॉर्ममधली पोरं ढग सोडताना पाहिल्यावर तर जास्तच. पण त्याच कायद्याखाली, ज्या टपरीवर सिगारेट सुटी मिळते त्या टपरीच्या गावात माझा मित्र त्याची कॉइल आणू शकत नाही. सुटकेससमोर बसून तो हे मला ऐकवत होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने यंत्र आणि बॅटऱ्या दुकानातल्या परतीच्या डब्यात टाकल्या. उरलेली तार बस ड्रायव्हरला दिली. औषधाच्या दुकानातून निकोटिनचा च्युइंगगम घेतला, २ मिलिग्रॅमचा. तो आपल्याकडेही केमिस्टकडे मिळतो.

पुण्यात येऊन त्याला आता अकरा आठवडे झाले. बाराव्या दिवशी, रिलीजच्या रात्री, त्याने टपरीवर एक सिगारेट ओढली. पुढच्या आठवड्यात दोन. मग पुन्हा गम. गेल्या महिनाभरात एकही नाही, असं तो म्हणतो, आणि टपरीवर गेलो की कटिंग घेऊन वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उभा राहतो.